आंबिलीची दहा मिनिटं

२२ जुलै १९९९, गुरुवार

आलं! नागपूर रेडिओच्या बायकांच्या कार्यक्रमाचं पत्र आलं. विषय मीच कळवला होता — महालक्ष्म्यांची आंबील. दहा मिनिटं बोलायचं. आधी लिहून पाठवायचं.

यांना दाखवलं. दोनदा वाचून म्हणाले, "जाय. पण घरचं भलतंसलतं बोलजो नको तिथं."

घरचं म्हणजे रक्षा. पोरीनं जातीबाहेर लग्न केलं, त्याला तीन वर्षं झाली. तेव्हापासून तिचं नाव या घरात घ्यायचं नाही. नागपूरकडं कुठंतरी असते, एवढंच ऐकून आहे.

दुपारी भाजी निवडता निवडता आम्ही दोघी हाच कार्यक्रम ऐकायचो. ती अजूनही ऐकत असेल. तेवढ्याच भरवशावर पत्र टाकलं होतं.

२५ जुलै, रविवार

मागच्या वर्षीच्या कॅलेंडरची पानं काढली. पाठ कोरी आहे, वाया कशाला घालवायची! मुद्दे मांडले. पहिलं मिनिट नमस्कार अन् आंबील म्हणजे काय. मग तीन मिनिटं ज्वारीचं पीठ, ताक, आंबवणं. दोन मिनिटं गुठळ्या होऊ नये म्हणून काय करावं. दोन नैवेद्याची. राहिली दोन — ती रक्षाची.

घड्याळ पुढं ठेवून मोठ्यानं वाचलं. साडेसहा मिनिटांत संपलं! भिंतीशी किती हळू बोलणार?

२८ जुलै

रक्षाची दोन मिनिटं लिहून झाली. मुखवटे घरात आणताना एकीनं दारात उभं राहायचं, दुसरीनं आतून विचारायचं — कोण आलं? दारातलीनं सांगायचं — महालक्ष्मी आल्या. आमच्या घरी आतून रक्षा विचारायची. ती गेली त्या वर्षी यांना म्हटलं, तुम्ही विचारा. "ते बायकाइचं काम हाय," म्हणून हे ओसरीवर जाऊन बसले. तेव्हापासून मीच विचारते, मीच सांगते.

हे सगळं लिहिलं. तिचं नाव मात्र घातलं नाही.

३ ऑगस्ट, मंगळवार

कागद परत आले. रेडिओच्या बाईंनी लाल शाईनं रेघ मारली — "घरगुती आठवणी नकोत. कृती आणि प्रथा एवढंच सांगा." रक्षाची दोन्ही मिनिटं गेली.

भांडी घासली. घासलेली पुन्हा घासली.

११ ऑगस्ट

ग्रहण. पाण्यात तुळशीचं पान टाकून बसले. कागदांना हात लावला नाही.

१३ ऑगस्ट, शुक्रवार

प्रथा पाहिजे ना? मग प्रथा घ्या! लिहिलं — "महालक्ष्म्या येतात त्या दिवशी सकाळपासून दुपारपर्यंत घराचं मागचं दार उघडं ठेवावं. घरची लेक त्या दारानं आली, तर तिला काही विचारू नये. आधी पाय धुवायला पाणी द्यावं."

अशी प्रथा कुठंच नाही. मी आज केली. हे सकाळी दुकानात असतात, जेवायलाच एक वाजता येतात. रक्षाला ते पाठ आहे. ऐकलं, तर तिला बरोबर कळेल.

संध्याकाळी दिवा लावला, पण देवीकडं पाहवेना. तिच्या नावावर खोटं लिहिलं. आई, माफ कर. पण खोडणार नाही.

१९ ऑगस्ट, गुरुवार

पॅसेंजरनं नागपूर. सोबत शेजारच्या पंचफुलाबाई — एकटी कशी जाणार? रेकॉर्डिंगची बंद खोली, बाहेरचा आवाज काही म्हणता काही नाही. स्वतःचा श्वास ऐकू येतो. रेडिओच्या बाई म्हणाल्या, बांगड्या वाजतात, काढून ठेवा. भरल्या हाताच्या बांगड्या काढू? मी रुमाल मागितला, मनगटाला घट्ट बांधला अन् बोलले.

बाहेर आल्यावर पंचफुलाबाई — "काचेतून पायलं म्या. हाताले पट्टी बांधून बसल्या होत्या, मले वाटलं हात मोडला का काय!"

दाराच्या ओळीवर रेडिओच्या बाईंनी मान डोलावली होती. म्हणाल्या, "अशी जुनी माहिती आता कोण सांगतं?" मी खाली पाहिलं.

२ सप्टेंबर

प्रसारणाचं कार्ड आलं. मंगळवार, दुपारी दोन. यांनीच दुकानातून आणून दिलं. उलटसुलट करून पाहिलं.

७ सप्टेंबर, मंगळवार

फडताळावर रेडिओ नाही! पलंगाखाली नाही, कोठीत नाही. हे सकाळीच बाहेर पडले. मी दुकानाकडं धावले, तर दुकानाला कुलूप. म्हणजे लपवला! माझा आवाजसुद्धा घरात नको यांना.

पंचफुलाबाईंच्या घरी ऐकलं. आवाज माझा वाटेना. गुठळ्यांचं आलं, नैवेद्याचं आलं, मग दार आलं. पंचफुलाबाई म्हणतात, "आमीबी ठिवतो मागचं दार उघडं. पण काऊन वो, कुत्रं शिरलं तं?" हसले. मग डोळ्यांना पदर लावला. त्या म्हणाल्या, "रेडिओवर आल्या म्हणून रडून राह्यल्या का?"

हो म्हटलं.

गावात चार बायका तरी दार उघडं ठेवतील. जिच्यासाठी केलं तिनं ऐकलं की नाही, कोण सांगणार?

हे दिवेलागणीला आले, हात हलवत. मी ताट वाढलं. जेवून पाठ करून झोपले.

८ सप्टेंबर

सकाळी चहा घेताना हे म्हणाले, "रक्षाकडं रेडिओ नोयता. नेऊन देल्ला काल. तिनं अन् म्या दोघंबी बसून आयकलं." मग कप खाली ठेवून — "मागचं दार कायले? पुढचं का मोडलं हाय?"

मी विचारलं, घर कसं सापडलं?

"बुटीबोरीले असते. मले ठाऊक हाय पयलेपासून."

बुटीबोरी! इथून गाडीनं तासभरही नाही. तीन वर्षं यांना पत्ता ठाऊक होता, अन् मी अंधारात देवाला विचारत बसले.

यांच्या कपात आणखी चहा ओतला. यांच्याशी बोलले नाही.