लेन्सवरचं टोपण

अप्पा,

तुमच्या कपाटातला शेवटचा माल परवा विकायला काढला. पुण्याहून एक गृहस्थ आले होते. तुमचा तो जुना जर्मन कॅमेरा त्यांनी डोळ्याला लावला, वरच्या छोट्या खिडकीतून अंगण बघितलं आणि म्हणाले, "काच अगदी स्वच्छ आहे हो." मला हसू आवरेना. त्या जातीच्या कॅमेऱ्यात खिडकी वेगळी, लेन्स वेगळी. लेन्सला आतून बुरशी लागलेली असो नाहीतर तिच्यावर टोपण असो, खिडकीतून जग लख्खच दिसतं. तुमचं अख्खं दुकान या एका गोष्टीवर चाललं. मी त्यांना लेन्स काढून उजेडासमोर धरायला लावली. तुम्ही असता तर डोळे वटारले असतेत.

सत्तरच्या दशकातलं ते नवी पेठेतलं दुकान. कॉलेज सुटलं की मी गल्ल्याशेजारी येऊन बसते. करमाळ्याचा नाहीतर अक्कलकोटचा कुणी फोटोवाला येतो. तुम्ही त्याच्या हातात कॅमेरा देता आणि रस्त्याकडे तोंड करून उभं करता. "बघा की मालक, त्या टांगेवाल्याच्या मिशा बघा. केस न् केस दिसतोय का न्हाय?" तो बघतो, खूश होतो, सेकंडहँड लेन्स नव्याच्या थाटात घेऊन जातो. मग कुणाच्या तरी लग्नाचे धुरकट फोटो घेऊन तो परत आला, की त्यानं तोंड उघडायच्या आत तुम्ही विचारायचात, "टोपण तरी काढलं होतं का, मालक?" आणि चारचौघांत खदाखदा हसायचात. टोपण न काढताच फोटो मारत सुटायची फजिती त्या धंद्यातल्या प्रत्येकाची कधी ना कधी झालेली असायची. तो बिचारा ओशाळायचा आणि बुरशीचं बोलायचं राहूनच जायचं. तुम्हाला ही हुशारी वाटायची. मला तेव्हाही किळस यायची.

इतके कॅमेरे हाताखालून गेले, पण घरात अव्वाचा एक फोटो नव्हता. विकायच्या मालात घरचा रोल घालायचा नाही, हा तुमचा नियम. बायकोचा फोटो म्हणजे फुकट गेलेली फिल्म! ती अंथरुणाला खिळली, डॉक्टरांनी हात टेकले, तेव्हा मी भांडले म्हणून एका रविवारी तुम्ही हा जर्मन कॅमेरा घरी आणलात. अव्वाला इरकली लुगडं नेसवून अंगणात खुर्चीवर बसवलं. मी तुमच्या पाठीमागे, स्वयंपाकघराच्या दारात उभी. "मान जरा डावीकडं. हां. आता हालू नको." तुम्ही गुडघ्यावर बसलात, उठलात, पुन्हा पुढे सरकलात. अव्वा आधी गालात हसत होती, मग तिला हसू दाबवेना, तिनं तोंडाला पदर लावला. तुम्ही पूर्ण रोल संपवलात.

फिल्म धुतली तर कोरी. "फिल्मच खराब निघाली," तुम्ही म्हणालात. मी ती उजेडात धरली. कडेचे आकडे ठसठशीत उमटलेले आणि मधे काहीच नाही. खराब फिल्म अशी दिसत नाही, लेन्समधून उजेडच आत गेला नाही की अशी दिसते, हे मला तुम्हीच शिकवलं होतं. टोपण विसरणं मी समजून घेतलं असतं. पण गिऱ्हाइकाशी बोलायच्या त्याच गोड आवाजात तुम्ही माझ्याशी खोटं बोललात. पुढच्या आठवड्यात परत काढू म्हणालात, मुंबईहून माल आला आणि त्यातच गुंतलात. अव्वाला पुन्हा उठून बसता आलं नाही. माझ्याकडे तिचा चेहरा नाही, अप्पा, आणि नाही तो तुमच्यामुळे. याचा राग माझ्याबरोबरच जाईल.

एक गोष्ट मात्र तुम्हाला कधीच कळली नाही. फिल्म धुतली त्या दिवशी अव्वाला पेज भरवताना मी चिडून म्हणाले, "त्यांनी टोपणच काढलं नव्हतं."

"मला दिसत होतं की," अव्वा म्हणाली. "समोरच तर बसले होते."

"मग बोलली का नाहीस गं?"

"लई वर्सांनी इतका येळ माज्याकडं बघत होते. टोपण काढा म्हटलं असतं, तर परत त्या कॅमेऱ्याकडंच बघत बसले असते."

तुम्ही हयात असताना हे मी तुम्हाला सांगितलं नाही, आणि हा कागदही लिहून झाला की चुलीत घालणार आहे. हे कळलं तर तुम्ही सुखावाल, आणि तुमचं सुखावणं मला आजही बघवणार नाही.

त्या गृहस्थांना मी कॅमेरा दिला, सगळे दोष दाखवून दिला. त्यांनी टोपणाचं विचारलं. माझ्या मुठीतच होतं ते. "मूळचं टोपण कधीच हरवलंय हो," मी म्हणाले, आणि अप्पा, आवाज अगदी तुमचाच निघाला.