एनॉकची पहिली कमान

प्रिय हॅना,

एनॉक बरा आहे, दोन्ही वेळा पोटभर जेवतो. तुझा खोकला कसा आहे?

त्याच्या पुलाच्या पहिल्या कमानीखालचे लाकडी आधार उद्या काढणार. त्या वेळी इंजिनिअरने कमानीखाली उभं राहायचं, अशी इथली रीत आहे. थंडीमुळे दगडांमधला चुना अजून ओलाच आहे, पण मालक थांबायला तयार नाहीत. गवंडी मला हसतात, "म्हातारबा, पोराच्या डोक्यावर पातेलं ठेवा." मी कुणाला काय सांगणार?

काल एनॉकला म्हटलं, "मीही तुझ्याशेजारी उभा राहतो."

तो म्हणाला, "नको बाबा. आईजवळ कुणीतरी हवं ना."

हे पत्र तुझ्या हाती पडेल तेव्हा सगळं उरकलेलं असेल.

तुझाच,
जोसाया