आभाराचं मीठ

८ सप्टेंबर, मरियामातेचा जन्मदिन
चर्चमध्ये सकाळची मिस्सा. फादरांकडून मीठ आशीर्वादित करून आणलं. पाऊस सरायला लागला की आई माहेरच्या विहिरीत टाकायची, तसं मूठभर आपल्या विहिरीत टाकलं, क्रूसाच्या खुणेने. "देवा, पाण्याबद्दल तुझे उपकार." एवढंच म्हणायचं असतं. लग्न होऊन भुईगावात आले त्याला चौतीस वर्षं झाली, एकदाही चुकवलं नाही. पास्कल म्हणाला, आता आमटीत कमी घाल. चौतीस वर्षं हाच विनोद. नवरा काटकसरी आहे.
आमच्या लेकीच्या, स्टेफीच्या लग्नाची तारीख पक्की, ४ जानेवारी. आदल्या दिवशी उंबराचं पाणी. वाजतगाजत जाऊन घरच्या विहिरीचं पाणी आणायचं आणि नवरीला न्हाऊ घालायचं. मला लग्नापेक्षा त्याचीच हौस जास्त.

२१ सप्टें.
निर्मळचे जयवंतभाऊ स्कूटरवर दोन कॅन बांधून आले. त्यांची विहीर उन्हाळ्यात खारट झाली होती. पावसाने परत गोड होईल म्हणत होते. झाली नाही. केळीची पानं कडेने करपतायत. आपल्या विहिरीचं पाणी भरून दिलं. जाताना म्हणाले, "वहिनी, तुमच्याकडे येऊ देऊ नका." घरात कुणी पाहुणा शिरत असल्यासारखं. कसं येऊ द्यायचं नाही, ते सांगितलं नाही.

५ ऑक्टो., आगेरा, सुगीचा सण
नव्या भाताच्या लोंब्या चर्चमध्ये नेल्या. गावात भात लावतंय कोण आता? लोंब्या बाहेरून आणलेल्या. प्रवचन कृतज्ञतेवर. छान होतं, पण मधेच घरचा चहा आठवला. आज सकाळी फाटला. बुधवारीही फाटला होता. दूध जुनं असेल.

६ ऑक्टो.
दूध ताजं होतं. पेलाभर पाणी नुसतं प्यायले. पहिल्या घोटाला काही नाही. मग जिभेच्या मागे, उशिराने...
रोज सकाळी चव घ्यायची ठरवलं. गोडला गो. लिहीन, खारटला खा.
आज: गो., बहुतेक.

१४ ऑक्टो.
भाजीत मीठ घालताना हात थांबला. विहिरीत मूठभर मीठ मीच टाकलं की! इतका आनंद झाला म्हणून सांगू. माझं मीठ असेल तर विरून जाईल, दोन महिन्यांत पाणी होतं तसं होईल. पा.ला सांगायला वाडीत धावत गेले. तो हसेल, आमटीचा विनोद करेल असं वाटलं होतं. त्याने पाण्याचा पाइप खाली ठेवला. "फ्लोरी, मूठभर मिठाने विहीर खारट होत नाही." त्यालाही खारट चव जाणवतेय, दसऱ्याच्या आधीपासून. मला बोलला नव्हता.
विनोद केला नाही याचीच भीती वाटली.
आज: गो. नाही.

२ नोव्हें., मृतांचा दिवस
आईबाबांच्या कबरीवर फुलं, मेणबत्त्या. नंतर पापनिवेदन. विहिरीत मीठ टाकलं, फादर, म्हटलं. जाळीपलीकडे हसू दाबल्याचा आवाज आला. तरुण आहेत, चालायचंच. मग मला रडू आलं. मी म्हटलं, आभार मानले आणि तेच अंगावर आलं. ते म्हणाले, "मग पाणी बिघडलं म्हणून झालेले उपकार खोटे ठरतात का?" प्रायश्चित्त म्हणून रोज एका गोष्टीचे आभार लिहायला सांगितले.
आजचे: स्टेफी सुखरूप आहे.
आज: खा., थोडं.

९ नोव्हें.
पा.ने जूचंद्रहून धर्मादादांना आणलं. जन्म मिठागरात गेलाय, त्यांच्या जिभेवर त्याचा मशीनपेक्षा विश्वास. त्यांनी ओंजळीने पाणी घेतलं, तोंडात फिरवलं, थुंकलं. बराच वेळ विहिरीकडे नाही, समुद्राच्या बाजूला बघत राहिले.
"बाय, पानी पुरता खारा नाय झाला अजून. पन समिंदराला वाट गावलीय. गावलेली वाट तो इसरत नाय."
लग्नापर्यंत टिकेल का, विचारलं. त्यांनी चहा मागितला. चहा फाटला. तसाच प्यायले.
आभार: फाटला चहा पिणाऱ्यांचे.

३० नोव्हें., आगमन काळ
नाताळपर्यंतच्या चार मेणबत्त्यांपैकी पहिली लावली, आशेची. स्टे. हॉस्पिटलातून सुट्टीवर आलीय. पा.ने हळूच उंबराच्या पाण्याचा विषय काढला. गोड्या पाण्याचा जार विहिरीमागे ठेवू, हंडे त्यातून भरू, बायकांना कळायचंही नाही. मी नको ते बोलले. म्हटलं, मुलगी पण भाड्याने आण मग. तो जेवला नाही.
स्टे. तेव्हा फोनवर पेशंटच्या आईशी बोलत होती. "काळजी करू नका, सुधारणा आहे." काय आवाज, लोण्यासारखा. फोन ठेवल्यावर विचारलं, खरंच सुधारणा आहे का? म्हणाली, नाही गं. पण त्या माउलीला आजची रात्र काढायचीय.
आज: खा.

१४ डिसें.
थंडी. सकाळी विहिरीवर धुकं, बघायला फार सुंदर, आणि मला बघवत नाही. आपल्या केळींचीही पानं कडेने तांबूस झालीत. शेजारच्या वाडीपुढे टँकर उभा होता.
पा.ची माफी मागितली. जार आण म्हटलं. तो म्हणाला, आता मलाच नको.
आभार: याचेच.

२५ डिसें.
चारही मेणबत्त्या पेटल्या आणि पाळण्यात बाळ येशू ठेवला. आशेची मेणबत्ती पहिली लावलेली, म्हणून तीच सगळ्यात जास्त जळालीय. बोटभर उरलीय. पा.ला दाखवलं. म्हणाला, पण अजून तेवतेय ना.
आज: खा. रोज तेच लिहायचा कंटाळा आलाय.

३ जाने.
घाईत लिहितेय, बाहेर मांडवात बँड थांबायला तयार नाही.
आज चव घेतली नाही. सप्टेंबरपासून इतकी भीती वाटली नव्हती. चार वाजता निघालो. पाच हंडे, उंबराची डहाळी, नणंद पुढे. विहिरीपाशी सगळ्या माझ्याकडे बघायला लागल्या. मीठ नव्हतं हातात. तरी रिकाम्या मुठीने क्रूसाची खूण केली आणि म्हटलं, देवा, पाण्याबद्दल तुझे उपकार. चौतीस वर्षांच्या पाण्याबद्दल, असं मनात. आवाज बँडमध्ये बुडाला. नणंदेने आपल्याच विहिरीतून हंडे भरले. जार नव्हता, मागे जाऊन पाहिलं मी.
स्टे. पाटावर बसली. पहिला तांब्या ओतणार तेवढ्यात तिने हात पुढे केला, ओंजळभर घेतलं आणि प्यायली. सगळं. मग माझ्याकडे बघितलं.
"गोड आहे, आई. काळजी करू नको."
लोण्यासारखा आवाज.
पा. अंगणातून विचारतोय, काय म्हणाली ती? तांब्यात तळाशी थोडं उरलंय. माझ्यासमोर आहे.