ऐनारचं तळघर

२६ मार्च
अखेर थोराच्या घरी राहायला आलो. बावन्नाव्या वर्षी लग्न, तेही पहिलं, आणि वर घरजावई! सामान म्हणजे दोन ट्रंका, आईचं शिवणयंत्र आणि ही वही. थोराने अर्धं कपाट मोकळं करून ठेवलं होतं. तिच्या हातचा आलुबुखाराचा थरांचा केक खाल्ला, तीन तुकडे. खिडकीच्या काचेला अर्ध्यापर्यंत बर्फ टेकलंय, पण ऊन चांगलं पडलं होतं.

शेजारचा म्हातारा हाल्डोर धुरावर वाळवलेली मासळी घेऊन आला. मला वरपासून खालपर्यंत न्याहाळून म्हणाला, "या जावईबापू! बर्फ वितळेल तेव्हा तळघराची काळजी करू नका. ऐनारने पक्की व्यवस्था करून ठेवलीय."

ऐनार म्हणजे थोराचा पहिला नवरा. तीन वर्षांपूर्वी एप्रिलमध्ये तळघरात पाणी उपसतानाच त्याचं हृदय बंद पडलं. हे तिने मला पहिल्याच भेटीत सांगितलं होतं.

३० मार्च
थोराने तळघर दाखवलं. भिंतीच्या कडेने फरशीत कोरलेला चर, कोपऱ्यातल्या खड्ड्यात पंप, शेजारी दुसरा, अडीअडचणीला. सगळं ऐनारचं. भिंतीवर पेन्सिलीच्या रेघा, दर वर्षी पाणी कुठवर चढलं त्याच्या, तारखेसकट. अक्षर सुरेख. खिळ्याला त्याचे मांडीपर्यंतचे रबरी बूट अजून टांगलेत. मी सहज म्हणालो की कुणा गरजूला देऊन टाकू. ती म्हणाली, राहू दे.

मी चष्म्याच्या दुकानात आयुष्य काढलेला माणूस. मला स्क्रू फिरवता येतो, तोही तांदळाएवढा.

४ एप्रिल
नदीवरचं बर्फ उत्तरेला तुंबलंय, पाणी मागे फुगतंय. सकाळी खाली गेलो तर घोट्यापर्यंत पाणी. मी खोकी वर आणली. दुपारी पंप बंद पडला. दोन तास झटापट केली, बोटं सोलवटून घेतली. चिकटपट्टी आणायला वर आलो आणि खालून घरघर ऐकू आली. पंप चालू!

थोरा बटाटे सोलत होती. मान वर न करता म्हणाली की तो अडकतो कधीकधी, सुटतो आपला आपण.

नंतर तिने तळघराच्या वरच्या पायरीवर कॉफीचा कप ठेवला. मी चहा घेतो. वर्षभरात एकदाही कॉफीला शिवलेलो नाही. हे तिला माहीत आहे.

८ एप्रिल
मागच्या दाराशी वाळूची पोती रचली, वेडीवाकडी. जेवून आलो तर ओळंब्यात धरल्यासारखी सरळ. हाल्डोर कुंपणावरून ओरडला, "वा जावईबापू! अगदी ऐनारचा हात!"

शेवटी थोराला सरळ विचारलं. तिनेही सरळच सांगितलं. पाणी चढलं की तो येतो. ओसरलं की जातो. तीनही वर्षं आलाय. "तुला काय त्रास आहे त्याचा? तू वर आहेस ना? तो खालीच असतो."

दिराविषयी बोलावं तसं बोलली. मी हसलो. खरं लिहायचं तर भीती वाटलीच नाही, जळफळाट झाला.

१० एप्रिल
भिंतीवर नवी रेघ आहे. आजची तारीख. तेच अक्षर.

थोरा दुपारी तासभर खाली होती. मी दाराला कान लावून उभा राहिलो, या वयात! तिचा आवाज येत होता. पाणी कसं आहे, दमला असशील, जरा बस. एवढं मऊ बोलते ती? मला वाटायचं तिचा आवाजच जरा कोरडा आहे. वर आली तेव्हा गाल लाल झालेले. मी विचारलं, कसं वाटतंय. "ठीक." एवढंच.

११ एप्रिल
बूट नदीत टाकले. पुलावरून, भर दुपारी. बर्फाच्या दोन लाद्यांमध्ये गेले. मग तळघरात उभा राहून मोठ्यांदा सांगितलं की हे घर आता माझं आहे, ती माझी बायको आहे, चालता हो.

पंप बंद पडला. दुसराही सुरू होईना.

१२ एप्रिल
पाणी गुडघ्याशी. थोराने रिकामा खिळा पाहिला. ओरडली नाही, रडली नाही. "आता तो पाण्यात कसा उभा राहील, बोहदान?" मग स्वतःशीच म्हणाली, वर यावं लागेल त्याला.

१३ एप्रिल, सकाळ
स्वयंपाकघरात ओली पावलं. अनवाणी. मोठी. तळघराच्या दारापासून टेबलापर्यंत. परतीची नाहीत—

थोराने पुसली नाहीत. दोन ताटं मांडली. मी बसायला गेलो तर म्हणाली, तिथे नको. माझ्याकडे बघून नव्हे. खुर्चीची गादी भिजलेली—

दुपार
पंप मीच चालू करणार. तिला दाखवतो. काय असं मोठं त्यात—

नंतर
खाली उतरलो आणि मागे तळघराचं दार लागलं. फुगलं असेल पाण्याने. खांदा लावला, हलत नाही. खालून चौथ्या पायरीवर बसून लिहितोय. वर दोघांच्या चालण्याचा आवाज.

हाल्डोर आलाय. खिडकीतून हाक मारतोय. ऐनार म्हणून. आणि वरून कुणीतरी ओ दिली—

पाणी तिसऱ्या पायरीला. दार बडवलं. थोरा, थोरा म्हणून—

पाणी आता गार लागत नाही. पायच जाणवत नाहीत—

ती आली. दारापलीकडे उभी आहे. उघडत नाही. विचारतेय, पाणी कसं आहे, दमलास का. जरा बस म्हणतेय. किती मऊ आवाज. माझ्याशी. माझ्याशी बोलतेय, त्याच्याशी नाही, तो तर वर—

खाली उतरतो. पंप तेवढा चालू केला की ती पुन्हा