नारळाखालची नाळ

३ मार्च
वाटेवर खुंट्या! लाल फीत बांधलेल्या. हॉटेलवाल्यांना किनाऱ्याची वाट बंद करायची आहे. सरकारी साहेब म्हणाले, "गावातल्या कुणाचं जन्मझाड तिथे आहे हे दाखवा, वाट उघडी ठेवतो." — माझंच आहे की! तो वाकडा नारळ. त्याच्याखाली माझी नाळ पुरली आहे. थोरली बहीण एर्माइन तेव्हा आठ वर्षांची. खड्डा तिनेच खणला. साक्ष तीच देणार.
रोज पहाटे मी तिथेच समुद्रात उतरतो. त्या खाऱ्या पाण्यानेच माझे गुडघे चालतात; वाट गेली की तेही गेले.

६ मार्च
एर्माइन ऐन वेळी गडबडली तर? बसवाला सेल्विन दात काढतो — "काका, तुमचा नारळ पर्यटकांच्या पोस्टकार्डावर छापलाय, 'कॅरिबियनचा स्वर्ग'! तुमच्या नाळेवर टॉवेल टाकून गोऱ्या बायका लोळतात. अजून काय पाहिजे?" मेल्याला सगळ्याची थट्टा.

९ मार्च
एर्माइन बायबलवर हात ठेवून उभी. साहेबांनी माझ्याकडे बोट केलं. "तुमच्या या भावाची नाळ त्या झाडाखाली आहे?"
ती माझ्याकडे बघतच राहिली. मग म्हणाली, "नाही."
एवढंच! हॉटेलचा वकील हसला. लहानपणी हीच गोष्ट सांगून मला झोपवायची, आणि भर सभेत — नाही! काय कबूल केलं असेल तिला त्यांनी? परतताना बसमध्ये तिच्या शेजारी बसलो नाही. चालत आलो.

१० मार्च
बहीण कसली. वैरीण.

११ मार्च
तिने उकडलेला नीरफणस आणि खारा मासा पाठवला. कोंबड्यांना घातला. फाटकातून ओरडली — "घाल, घाल! कोंबड्याही मीच दिल्यात, मूर्खा!" मी दार उघडलं नाही. मग हळूच म्हणाली, "देवाच्या पुस्तकावर हात होता, क्लेमंट. चौऱ्याऐंशीची झाले. आता तरी खोटं कसं बोलू?"
आता तरी? म्हणजे काय?

१४ मार्च
साहेबांनी खुंट्या उपटून टाकल्या. काल एर्माइन एकटीच साहेबांकडे गेली. त्यांना सांगितलं, मग मला.
नाळ क्लेमंटचीच. पहिल्या क्लेमंटची. आईचं ते बाळ नऊ दिवसांत गेलं; तरी गावचंच, म्हणून वाट उघडी. त्याच आठवड्यात शिडाच्या जहाजावरच्या कुणीतरी मला धक्क्यावर सोडलं. आईला दूध होतं. नाव तयार होतं.
पहाटे गेलो. एर्माइन पाण्यातून हाका मारत होती — "ये ना रे, बाळा!" मी नारळापाशी टोपी काढून उभा. पाहुण्यासारखा.