गारसाइड यांची तीन भाषणं

सोमवार, ३ मार्च
तीन! आमच्या सॉल्टनेसचे खासदार ऑल्विन गारसाइड वर्षभरात सभागृहात तीनदा बोलले. कार्यवृत्त दोनदा चाळलं. तिसरं भाषण अख्खं असं — 'मंत्रिमहोदय क्षणभर थांबतील का?' मंत्री थांबले नाहीत. संस्कृत सूत्रकारांनाही शब्दांचं एवढं लाघव साधलं नसतं. तिकडे समुद्र गावात शिरतोय, आणि संरक्षक भिंतीचं नाव नाही. शुक्रवारच्या अंकात लेख : 'वाचंयम मुनी', म्हणजे वाणी आवरून बसलेले.

शुक्रवार, ७ मार्च
लेख आला. त्यांच्या पक्षाच्या गावातल्या अध्यक्षा, मिसेस पॉटर, यांचा फोन. "आकडा बरोबर आहे ना? यांना पुन्हा उभं करायचं की नाही, गुरुवारी मतदान आहे." म्हटलं, बरोबरच आहे.

पत्रकार कक्षात शेजारी बसणारी वार्ताहर मोरा म्हणाली, "पंडित, भाषण करायचं तर चर्चेला पहिल्यापासून बसावं लागतं. शेवटी मंत्र्याचं उत्तर ऐकायलाही. चार मिनिटांसाठी सहा तास. हा बाबा रोज चारला निघतो."

"चहाला," मी म्हणालो.

बाकं चांगली मऊ आहेत. बसायला काय जातं?

मंगळवार, ११ मार्च
गारसाइड काल नाहीत, आजही नाहीत. लेख लागला वाटतं.

बुधवार, १२ मार्च
स्वतः पाहिलं नसतं तर विश्वास ठेवला नसता. किनारपट्टीवर चर्चा. साडेबाराला गारसाइड बाकावर! एकाचं भाषण संपलं की बोलू इच्छिणारे सगळे उभे राहतात. सभापतींनी नाव घेतलं नाही की गपचूप बसतात. हे असे सत्तावीस वेळा उठले — मोरा मोजत होती. चार वाजले. हलले नाहीत. पाच चाळीसला नाव पुकारलं.

चारच मिनिटं. बंदराजवळच्या एका म्हातारीचा जिना सांगितला — कोणत्या वर्षी पाणी कितव्या पायरीपर्यंत आलं. बस. समोरच्या बाकांवरची कुजबुज थांबली. मंत्र्यांनी उत्तरात भिंतीचा शब्द दिला. मी टिपणं घ्यायची विसरलो!

बाहेर त्यांना गाठलं. "गारसाइडसाहेब, सहा तास बसलात. आजचा चहा बुडाला."

"आता वेळच वेळ आहे," म्हणाले, आणि गेले.

टोमणा बरा परतवला.

गुरुवार, १३ मार्च
४१ विरुद्ध ३८. गारसाइडना उमेदवारी नाही. मला धक्काच बसला. मिसेस पॉटर म्हणाल्या, "कालचं भाषण छान झालं हो. पण तुमचा आकडा वाचून दाखवला, आणि हात वर झाले."

कालचं धरून चार होतात. ते कुणी वाचलं नाही.

शुक्रवार, १४ मार्च
अंक आला. माझ्या लेखाखालीच निधनवार्ता. हेस्टर गारसाइड, सोमवारी, लंडनच्या घरी. नऊ वर्षं अंथरुणाला खिळलेल्या. पती ऑल्विन यांच्याकडून दिवसाच्या नर्स बेरिल यांचे आभार — नऊ वर्षं, रोज सकाळी आठ ते दुपारी साडेचार.