सहा पिढ्यांच्या रांजणाचं झाकण

१० ऑक्टोबर

हे वाचून दाखवायला बसशील तेव्हा आधी चष्मा शोधशील, येचनकरीण. तो तुझ्या डोक्यावर आहे. लिहिणारी तू, वाचणारी तू आणि विसरणारीही तूच. मी काही विसरत नाही. मला फक्त अक्षरं येत नाहीत.

आरोग्य केंद्रातल्या नर्सबाईंनी सांगितलं, रोज दोन ओळींची डायरी ठेवा, डोकं शाबूत राहतं. म्हटलं, डोकं शाबूतच आहे, हात कोणाचा आणू? म्हणून शेजारीण आणली. तिचं माहेर येचन, म्हणून ती येचनकरीण. माझं यंग्जू, म्हणून मी यंग्जूकरीण. लग्न होऊन या गावात आल्यापासून आमची खरी नावं कोणी विचारलेली नाहीत.

ही डायरी माझ्याशिवाय कोणासाठी नाही. येचनकरणीने तोंड बंद ठेवायचं, बदल्यात मी सुक्या पर्सिमन फळांची एक माळ द्यायची, असं ठरलं.

संकल्प पहिला: इथे खरं तेच सांगायचं.
संकल्प दुसरा: गोड कमी.

११ ऑक्टोबर

वृद्ध मंडळाची सहल ठरली. सोळा तारखेला बस. सकाळी ब्यंगसानचं जुनं विद्यापीठ, दुपारी शहरातलं संग्रहालय. तिथे ‘घराण्यांची स्वयंपाकघरं’ म्हणून प्रदर्शन लागलंय आणि मधोमध आमच्या घरचा सोया सॉसचा रांजण ठेवलाय. सहा पिढ्यांचा सॉस. दरवर्षी नव्या सॉसची त्यात भर घालायची, विरजणासारखी. तळ कधी दिसू द्यायचा नाही.

आमचे चुलत भाऊजी मानशिक हे घराण्यातले वडीलधारे. रांजण त्यांनीच देऊन टाकला. आम्हाला विचारलं, पण दिल्यावर. सोळा तारखेला तीन वाजता ते सगळ्यांसमोर रांजण उघडून सॉस चाखणार आहेत. शेजारी माझी सून हेरान उभी राहणार, कारण दोन वर्षांपासून रांजण तिच्या हवाली आहे.

मला आनंद झाला. भूक लागली नाही, ते आनंदानेच.

१२ ऑक्टोबर

पहिल्या संकल्पामुळे पंचाईत झाली आहे. सांगून टाकते.

रांजणात तो सॉस नाही. दुकानातला आहे. दोन मोठ्या प्लास्टिकच्या बाटल्या.

झालं असं. जुलैत एक दिवस ऊन पडलं म्हणून मी झाकण उघडलं. ऊन दाखवावंच लागतं. रांजण हेरानच्या हवाली असला तरी झाकणाला तिने हात लावायचा नाही, असं मी बजावलेलं होतं. मग मालिका लागली. त्यात धाकट्या भावाला कळणार होतं की आई सख्खी नाही. माझा डोळा लागला. जागी झाले तर बाहेर धो धो पाऊस. छत्री न घेता परसात धावले, तर झाकण जागेवर! मीच लावलं असणार. झोपेतसुद्धा माझा हात कामाचा.

आठवड्याने चाखलं तर चव निराळी. रंगही फिका. पावसाचं पाणी गेलेलंच होतं, नासलं. हेरान बाजारात होती. मी सगळं कोबीच्या वाफ्याकडच्या गटारात ओतलं, रांजण घासला आणि बाटल्या रिकाम्या केल्या. कोणाला कळलं नाही.

यात माझी चूक फारशी नाही. मालिकावाल्यांनी तो भाग दुपारी ठेवायला नको होता.

(हे तिने सांगितलेलं नाही, मी लिहिते आहे: सांगताना ती उशीचा अभ्रा पिळत होती. – येचनकरीण)

१३ ऑक्टोबर

मानशिक भाऊजींची जीभ म्हणजे पोलीस आहे. लग्नाच्या जेवणात मुळ्याच्या लोणच्याचा एक तुकडा खाऊन त्यांनी आचाऱ्याचं गाव ओळखलं होतं. सोळा तारखेला ते चाखणार आणि मग बघणार हेरानकडे. घराण्याचा सॉस बिघडला तर घराला दृष्ट लागते असं आमच्याकडे मानतात, आणि ती दृष्ट नेहमी सुनेच्या हातातूनच आलेली असते. मी सून होते तेव्हा मलाही हे ठाऊक होतं.

येचनकरीण म्हणाली, अगं मग सांगून टाक की तिला. हिला काय जातंय सांगायला?

संकल्प तिसरा: उद्या हेरानला सगळं सांगायचं. सकाळीच. पोट भरलेलं असताना.

१४ ऑक्टोबर

सांगायला गेले. ती ओसरीवर पर्सिमन सोलत होती. मी म्हटलं, हेरान, एक सांगायचंय. तिने सुरी खाली ठेवली, हात पुसले, म्हणाली, सांगा ना आई. इतक्या अदबीने कोणी ऐकायला बसलं की माणसाला सुचायचं बंद होतं. मी म्हटलं, कालच्या सूपमध्ये मीठ जास्त होतं.

ती म्हणाली, हो आई, माझ्या हाताला आजकाल काय झालंय कळत नाही.

नव्हतं मीठ जास्त.

तिचं माझ्याविरुद्ध काहीतरी शिजतंय असंही वाटतं. माझ्या लेकीला, समुद्राकाठच्या पोहांगला दिलेल्या सोकहीला, तिचे सारखे फोन. मी आले की आवाज खाली. नणंद-भावजयीत इतकं गूळपीठ कधी बघितलं नव्हतं. जुलैतही एक दिवस पोहांगला जाऊन आली, मला म्हणाली मासळी आणायला जाते. मासळी काही आणली नाही. मी विचारलं नाही. माझी जात विचारणाऱ्यांतली नाही.

सोकहीकडे तसा आपला सॉस आहे म्हणा. लग्नात मी तिला भरून दिला होता, लेकीला देतातच. पण ती फ्लॅटमध्ये राहते, गॅलरीत कपडे वाळत घालते. संपवला असेल कधीच.

१५ ऑक्टोबर

नामी युक्ती सुचली. सांगायची गरजच नाही.

संग्रहालय पाचला बंद होतं. बसच पाचनंतर पोचली तर? घरची सगळ्यांत म्हातारी बाई हजर नसताना भाऊजी रांजण उघडणार नाहीत, रीत आहे. म्हणजे ब्यंगसानलाच बस अडवायची. एरवी मी सहलीत सगळ्यांच्या आधी बसमध्ये जाऊन बसते, जुन्या खांबांकडे बघत नाही. उद्या एकेक खांब बघणार. हेरानचा मान वाचेल. तिच्यासाठीच करते आहे हे सगळं.

हेरानने उद्यासाठी पांढरा पोशाख इस्त्री करून ठेवलाय. एकच बाही परत परत इस्त्री करत होती.

१६ ऑक्टोबर, सकाळ

बसमध्ये. हेरान पहाटेच संग्रहालयात गेली. आमच्याबरोबर माहिती सांगायला प्यो मास्तर आहेत, निवृत्त शिक्षक, गळ्यात माईक. मी पहिल्या सीटवर. विचारलं, मास्तर, ते विद्यापीठ आधी कुठे होतं? नुसतं एवढंच. येचनकरणीने डोक्याला हात लावला. मास्तरांनी मात्र घाट संपेपर्यंत सांगितलं. उत्तम सुरुवात.

(हलत्या बसमध्ये लिहायला लावते. पर्सिमनची माळ एक नाही, दोन झाल्या. – येचनकरीण)

१६ ऑक्टोबर, दुपार

ब्यंगसानला मी शिकायच्या खोल्या पाहिल्या, राहायच्या खोल्या पाहिल्या, नदीकडे तोंड करून उभी असलेली ती माडी खालून पाहिली, बाजूने पाहिली, पुन्हा खालून पाहिली. पायऱ्या कोरलेला जिन्याचा ओंडका मास्तरांना अंगुळ-अंगुळ मोजायला लावला. आमच्या मंडळाच्या बाया कुजबुजायला लागल्या, यंग्जूकरणीला झालंय तरी काय, अंतकाळ जवळ आला की बाई अशी होते. मी लक्ष दिलं नाही.

मग जेवणं. मी हळू जेवले. मग बस निघायची वेळ. आता आडोसा हवा. भिंतीबाहेर नोकरांसाठी बांधलेला जुना संडास आहे, शंखासारखी गोल फिरलेली मातीची भिंत, दार नाही, छप्पर नाही. आता कोणी वापरत नाही, फोटो काढतात. मी आत जाऊन उभी राहिले. वर निळं आभाळ. बाहेर मंडळी ‘यंग्जूकरीण, ए यंग्जूकरीण’ करत फिरतायत.

तेवढ्यात प्यो मास्तर, मला शोधताना वाटेत भेटलेला दुसराच घोळका घेऊन आले. म्हणाले, या बांधणीची खुबी अशी की आत माणूस असला तरी बाहेरून दिसत नाही. मी आत होते, मला पटलं. मग घोळक्यातली एक बाई खुबी बघायला आत आली.

तिच्या किंकाळीने मला बाहेर यावं लागलं. मास्तरांच्या डोळ्यांत पाणी. म्हणाले, आजी, इतक्या वर्षांत या संडासात एकटं उभं राहून पूर्वजांचं चिंतन करणारं माणूस मी पहिल्यांदा बघतोय. मी नाही म्हणणार होते, पण त्यांचा आनंद मोडवेना.

मग त्यांनी फोन केला. संग्रहालयाला. म्हणाले, आम्हाला उशीर होतोय, पण एक आजी येतायत, वारशाचं असं वेड मी पाहिलेलं नाही. आम्ही येईपर्यंत दार उघडं ठेवा. आणि रांजणाचं झाकण त्यांच्याच हातून उघडा.

१६ ऑक्टोबर, संध्याकाळ

येचनकरीण लिहायला तयार नाही. म्हणते, संग्रहालयात काय झालं ते सरळ सांगणार असशील तर पेन उचलते, नाहीतर घरी चालले. सांगते.

सगळे थांबले होते. आमचं घराणं, दुसरी घराणी, कॅमेरावाले. दिव्याखाली रांजण असा चकचकीत की ओळखू येईना. हेरान पांढऱ्या पोशाखात बाजूला, हात पोटाशी जुळवून. माझ्याकडे बघून हसली. मी झाकण उचललं. ते काठावर आपटलं, त्यावर लोकांनी टाळ्या वाजवल्या.

मानशिक भाऊजींनी टोफूचा तुकडा बुडवला. चावला. थांबले. दुसरा बुडवला. मग टोफू बाजूला ठेवून नुसता चमचाच चाटला.

म्हणाले, वहिनी, हे खानावळीच्या टेबलावरचं आहे.

मग ते हेरानकडे वळले. ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं. म्हणाले, सूनबाई, सहा पिढ्या गेल्या तुझ्याआधी. त्यांच्या हातून नाही बिघडला.

हेरानने मान खाली घातली. म्हणाली, चूक माझी आहे, काका. माझ्या हाताला तो लागत नाही.

येचनकरणीने माझ्या पायावर पाय दिला. जोरात. मी तोंड उघडलं. सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी म्हणाले, टोफू शिळा असेल.

एवढंच म्हणाले. टोफू शिळा असेल.

परतताना हेरान बसमध्ये माझ्या शेजारी. माझे गुडघे थंड पडतात म्हणून तिने स्वतःची शाल त्यांच्यावर टाकली. प्यो मास्तर माईकवर सगळ्यांना माझं उदाहरण देत होते.

मला आज संकल्प सांगायचा नाही.

१७ ऑक्टोबर

सकाळी हेरान परसात होती. रांजणांच्या ओट्यावर आमचा थोरला रांजण होता तिथे नुसतं गोल वर्तुळ राहिलंय. ती ते पुसत होती. मी चप्पलही घातली नव्हती. लांबूनच बोलायला लागले, जवळ गेले असते तर पुन्हा सूप आठवलं असतं. झाकण मी उघडं टाकलं. मालिका बघत झोपले. आठवड्याने ओतून टाकलं. दुकानातल्या बाटल्या भरल्या. टोफू ताजा होता.

ती वळली. एकच विचारलं. ओतलंत कधी, आई?

म्हटलं, पावसानंतर आठवड्याने.

ती ओट्यावर बसली. म्हणाली, आई, झाकण त्या दिवशी मी लावलं होतं. भिजत आले तेव्हा रांजण काठोकाठ पाण्याने भरलेला. तुम्ही आत झोपला होतात. तुम्हाला कळलं तर तुम्ही अन्नपाणी सोडाल म्हणून बोलले नाही. नासलेलं ओतलं, रांजण उकळत्या पाण्याने धुतला आणि तिसऱ्या दिवशी पोहांगला गेले. ताईंनी लग्नातला सॉस दरवर्षी भर घालत जपलाय. गॅलरीत, कपड्यांच्या दोरीखाली. त्यातला निम्मा त्यांनी दिला. तो आणून भरला.

मी म्हटलं, म्हणजे मी ओतला तो…

ती म्हणाली, हो.

मी पण बसले. खरा सॉस गटारात घालून मी खोटा भरला. रंग फिका होता कारण तो लेकीकडचा, वयाने लहान. एवढी म्हातारी झाले, माझ्याच घरची चव मी ओळखली नाही. आणि ही पोर, रांजण संग्रहालयात जाईपर्यंत रोज चोरून चाखून, मनात म्हणत होती, ताईंचा सॉस माझ्या हाताला धरत नाही, माझाच हात वाईट. नणंदेला फोन करकरून विचारत होती, काय करू.

मला वाटलं आता ती ओरडेल. मी तयार होते. तिने बाहीने डोळे पुसले आणि म्हणाली, म्हणजे माझा हात वाईट नाही ना, आई?

नाही, म्हटलं. नाही गं.

मानशिक भाऊजींना हेरानकडून लगेच फोन लावून घेतला. मी ‘उद्या’ म्हणाले असते तर झालंच होतं. सगळं सांगितलं, संडासाचंही. त्यांनी विचारलं, वहिनी, कुठली मालिका? मी सांगितली. म्हणाले, तो भाग माझाही बघायचा राहिला. रविवारी घराण्यासमोर हेच पुन्हा सांगा, म्हणाले, सूनबाईंच्या समोर. मी हो म्हटलं. पोट भरलेलं असो नसो.

येचनकरीण, हे पान फाड आणि सोकहीला पोहांगला पाठव. तिला आता सगळं कळू दे.

सोकही, तुझ्याकडे उरलेल्यातला सॉस पाठव, वाटीभर असला तरी चालेल. काचेच्या बाटलीत भर, तोंडाला प्लास्टिक लावून दोऱ्याने आवळ, कोणी येणार असेल तर त्याच्या हातात दे. बाटलीवर माझं नाव घालू नकोस. हेरानचं घाल. झाकण तीच उघडेल.

आणि थोडी सुकी मासळी पाठव. जुलैत ती मासळी आणायला म्हणून तुझ्याकडे आली होती आणि रिकाम्या हाताने परतली. तिचं तेवढं बोलणं खरं होऊ दे.